सोडायला आलेले टिपणीस

आमच्या सोसायटीत कुणीही गावाला निघालं, की टिपणीस सोडायला येतात. बोलवावं लागत नाही. रिक्षा गेटाशी लागली की तिसऱ्या मजल्यावरून त्यांच्या चपलांचा आवाज सुरू होतो. एकदा माझी बायको मंगल नुसती डेक्कनला साडी फॉल-पिकोला टाकायला निघाली होती, तर हे गृहस्थ स्टॉपपर्यंत आले आणि बस हलल्यावर बराच वेळ हात हलवत उभे राहिले. ही बाई बहुधा परदेशी चालली आहे अशा समजुतीने कंडक्टरने तिला बसायला जागा करून दिली.

कोथरूडची पोरं घाऊक भावात अमेरिकेला जायला लागली, तो टिपणिसांचा सुवर्णकाळ. कुणाचाही मुलगा सॉफ्टवेअरमधून निघाला की मुंबईच्या विमानतळापर्यंत सुमो ठरायची आणि तिच्या मागच्या सीटवर टिपणीस आधीच बसलेले असायचे. गाडीत गर्दी झाली तर घरचा माणूस गळायचा, टिपणीस नाही. माझ्या मुलाच्या वेळी माझा सख्खा मेहुणा गळला. तो अजून माझ्याशी तुटक बोलतो.

"लोणचं मोठ्या बॅगेत. पासपोर्ट वरच्या खिशात. पोचलास की एक रिंग दे, आम्ही उचलणार नाही." एवढं ते प्रत्येक मुलाला सांगायचे. बाप म्हणून मीही घरून काहीतरी भारदस्त ठरवून गेलो होतो. पण टिपणिसांचं सांगून होईपर्यंत पोरगा काचेच्या पलीकडे गेला होता.

स्वतः टिपणीस मात्र कुठेच जात नाहीत. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला एकटा जीव. लग्न केलं नाही. एक बहीण होती, तीही गेली. "तुम्ही कुठेतरी फिरून या की," असं म्हटलं तर म्हणतात, "हो, बघू. तुमचं कधी निघायचं ठरलंय?"

तर मागच्या हिवाळ्यात आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने ताम्हिणीच्या पुढे, डोंगरावरच्या एका रिसॉर्टची सहल काढली. 'ज्येष्ठांसाठी खास झिपलाइन' असं जाहिरातीत होतं. म्हणजे या डोंगरावरून त्या डोंगरावर ताणलेली तार, आणि तिला लटकलेले आपण. "कोण कोण तयार आहे?" असं सभेत विचारलं तेव्हा पहिला हात माझा वर गेला. स्टुलावर चढून बल्ब बदलताना मला घाम फुटतो, हे मंगलला माहीत आहे. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्यामुळे हात खाली घेण्याची सोय राहिली नाही.

सहलीच्या दिवशी टिपणीस दूध आणायला खाली उतरले होते, ते पिशवीसकट बसपाशी हजर. रिवाजाप्रमाणे आत चढले, बॅगा वर लावल्या, कुणाला गाडी लागते याची चौकशी करून जागांची अदलाबदल केली. ड्रायव्हरने डोकी मोजली. जोशीकाकू गुडघ्यामुळे ऐनवेळी आल्या नव्हत्या, पण आकडा बरोबर भरला. बस सुटली. आम्ही सवयीने खिडक्यांतून हात बाहेर काढून टिपणिसांना टाटा केला. गेटाशी कुणीच नव्हतं, हे एकाच्याही लक्षात आलं नाही. पौड आलं तेव्हा मागून संकोचलेला आवाज आला, "अहो, मला जरा कुठेतरी उतरवता का? दूध नासेल."

अर्थातच कुणी उतरू दिलं नाही. त्या दुधाचा वर गेल्यावर चहा झाला.

झिपलाइनच्या मचाणावरही टिपणीस आले ते सोडायलाच. पट्टे बांधणारा माणूस एकेकाला तयार करत होता आणि हे शेजारी उभे. "चष्मा खिशात. कवळी रुमालात. तिकडे पोचलात की हात वर करा."

"काका, मी सांगतो ना सगळ्यांना," तो माणूस म्हणाला.

"तुम्ही पट्ट्यांचं सांगा. बाकीचं मी बघतो."

मंगल निघताना "अहो, येताय ना?" एवढंच म्हणाली आणि भुर्रकन गेली. किंचाळली वगैरे नाही. मला तर ती गात असल्यासारखी वाटली. एकेक करून सगळी म्हातारी मंडळी पलीकडे पोचली आणि मचाणावर आम्ही दोघेच उरलो.

"व्हा पुढे," टिपणीस मला म्हणाले.

मी एकदा खाली दरीत पाहिलं. दोन पावलं मागे सरकलो. "नाही नाही, तुम्ही जा," मी म्हणालो. "मी आहे ना तुम्हाला सोडायला."

हे शुद्ध भीतीपोटी निघालेलं वाक्य होतं. याने काम भागलं नसतं तर पोट बिघडल्याचं कारण मी तयार ठेवलं होतं.

टिपणीस माझ्याकडे बघतच राहिले. "मला सोडायला?"

"हो."

"तुम्ही थांबणार?"

"थांबतो की."

मग ते पुढे झाले. गुपचूप पट्टे बांधून घेतले, शिरस्त्राण घातलं, कडेला जाऊन उभे राहिले. पट्टेवाला म्हणाला, "काका, सोडू?" त्यांनी हाताने त्याला थांबवलं आणि माझ्याकडे वळले.

"काही राहिलं का?" मी विचारलं.

"नाही, म्हणजे..." ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही मला काही सांगणार नाही का? निघणाऱ्याला सांगतात ना काहीतरी."

माझी भीती कुठच्या कुठे गेली. या माणसाला आजवर कुणी काही सांगितलंच नव्हतं. आम्ही सगळे त्यांच्या पाया पडून, त्यांच्या सूचना ऐकून, हात हलवून निघून जात होतो.

"सांभाळून जा," मी म्हणालो. "घाई करू नका. आणि तिकडे सगळे तुमची वाट बघतायत."

त्यांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली. "बरं," म्हणाले. "येतो."

पट्टेवाल्याने त्यांना सोडलं. बाकीचे समोर बघत, ओरडत गेले होते. टिपणीस मान पूर्ण मागे वळवून, मी उभा आहे ना हे बघत गेले. एवढी मोठी दरी, पण त्यांनी ती पाहिलीच नाही. मी हात हलवत राहिलो. ते ठिपक्याएवढे झाले, तरी त्यांचा चेहरा माझ्याकडेच होता, आणि मला फार रडू आलं.