नुसतं विचारायला

"अहो, हे ऐका जरा," म्हणत बायकोने स्वतःच्या कानांवरचे हेडफोन काढून थांबासाहेबांच्या कानांवर चढवले. आधी तिचा स्वच्छ, गोड आवाज ऐकू आला आणि त्याच्या मागोमाग कट्, कट्, कट्. कादंबरीतली नायिका आईचा शेवटचा निरोप घेत होती आणि मागे कुणीतरी निवांत नखं कापत बसलं होतं.

"वाचताना नखं कापत होतीस?" थांबासाहेबांनी विचारलं.

"मी रडू आवरत वाचत होते! हा कॉम्प्युटर वाजतोय."

बायको एका कंपनीसाठी पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करून देत असे. अडगळीच्या खोलीला तिने आतून गाद्या आणि ब्लँकेटं लावली होती. पंखा बंद, खिडकी बंद, अंगातून घामाच्या धारा, अशा अवस्थेत ती बर्फाळ डोंगरांची वर्णनं वाचायची. या खेपेची कादंबरी चांगली जाडजूड होती आणि तिचा जवळजवळ सगळा आवाज त्या एका कॉम्प्युटरच्या पोटात होता.

दुरुस्तीवाला आला. त्याने कॉम्प्युटरला कान लावला आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात तसं दोघांना बाजूला घेतलं.

"हार्ड डिस्क आचके देतेय. आज जाईल, महिन्याने जाईल, सांगता येत नाही. एक एसएसडी घ्या. काड्यापेटीएवढी डबी असते, आत काही फिरत नाही, त्यामुळे कटकट नाही. वायर जोडायची आणि सगळं तिच्यात उतरवून ठेवायचं. पण आजच्या आज."

बायकोने लगेच पर्स खांद्याला लावली. थांबासाहेबांनी हात आडवा केला.

"थांब."

हे त्यांचं लाडकं क्रियापद होतं. ऑफिसात त्यांना थांबासाहेब म्हणत ते उगीच नाही. 'थांबला तो संपला' ही म्हण एखाद्या दुकानदारानेच काढली असणार, असं त्यांचं ठाम मत होतं. फ्रिज त्यांनी असाच थांबून थांबून स्वस्तात मिळवला होता. छत्रीचा भाव उतरेपर्यंत पावसाळा उलटला, तेव्हा छत्रीचे सगळेच पैसे वाचले म्हणून ते आठवडाभर खुशीत होते. आणि गंमत म्हणजे हा माणूस विमा कंपनीत लोकांच्या नुकसानीचा अंदाज काढायच्या कामावर होता. जळालेल्या दुकानात उभं राहून मालकाला "वेळीच काळजी घ्यायला हवी होती," असं ते फार हळुवारपणे सांगत.

"आज घेणारं ते अडलेलं गिऱ्हाईक," ते म्हणाले. "अडलेल्याला दुकानदार कापतो. आपण आधी माणसं पाठवू."

माणसं पाठवणं ही त्यांच्या घराण्याची पद्धत. वडिलांनी सोफा असाच घेतला होता. आधी एकाने जायचं, भाव विचारायचा, तोंड वाकडं करायचं आणि निघून यायचं. मग दुसऱ्याने. मग तिसऱ्याने. एवढी वाकडी तोंडं बघून दुकानदाराचा धीर खचला, की खरं गिऱ्हाईक जाऊन वस्तू पदरात पाडून घेणार.

"आणि तोवर डिस्क गेली तर?" बायकोने विचारलं.

"इतके दिवस टिकली ती काय लगेच जातेय? माझ्यावर सोड."

पर्स तशीच खांद्याला ठेवून बायको भाजी आणायला निघून गेली. त्यानंतर तिने एसएसडीचं नावही काढलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर का होईना, बायकोला आपली पद्धत पटली, याचं थांबासाहेबांना फार समाधान वाटलं.

पहिली कामगिरी मेहुणीवर. बाजारपेठेत कॉम्प्युटरचं दुकान एकच होतं. मेहुणी गेली, विचारलं, तोंड वाकडं केलं, परत आली.

"सात हजार म्हणाला, भावजी. तोंड असलं वाकडं केलंय की अजून सरळ होत नाहीये."

"शाब्बास! आता बघ कसा उतरतो."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातला टायपिस्ट जेवणाच्या सुट्टीत गेला आणि विचित्र चेहऱ्याने परत आला. "साहेब, साडेसात."

"साडेसहा म्हणायचंय का तुला?"

"साडेसात. वर म्हणाला, उद्याचं सांगता येत नाही."

थांबासाहेबांचा घास हातातच राहिला. वाकडं तोंड बघून भाव वाढतो, हे त्यांच्या घराण्यात कधी घडलं नव्हतं. पण वर गेलेली वस्तू खाली येतेच, असा निसर्गनियम आठवून त्यांनी घास गिळला आणि फौज वाढवली. शेजारच्या दंतवैद्यांना पाठवलं. आठ. शंका आली म्हणून मेहुणीला गॉगल लावून पुन्हा पाठवलं. साडेआठ. शेवटी हुकमाचं पान म्हणून सासऱ्यांना पाठवलं. सासरे निवृत्त पोस्टमास्तर. कुठल्याही दुकानातून दुकानदाराला हवालदिल करूनच बाहेर पडायचं, ही त्यांची ख्याती.

"जावईबापू," परत येऊन सासरे खुर्चीत कोसळले, "नऊ सांगितले. मी म्हटलं, यात असतं तरी काय? तर म्हणाला, माहिती. मी म्हटलं, फुकट आणून देतो मी तुला माहिती, किती हवी?"

घरात सगळ्यांनी आ वासला. गादीआडून कट्, कट् चालूच होतं. मधूनच ते थांबायचं आणि थांबासाहेबांचंही काळीज थांबायचं. मग पुन्हा कट् व्हायचं आणि त्यांचा श्वास सुरू व्हायचा. आता मात्र खऱ्या गिऱ्हाइकाने स्वतः जायला हवं होतं.

शनिवारी दुपारी थांबासाहेब दुकानात शिरले. काउंटरवर कोपर टेकून, इकडेतिकडे बघत, त्यांनी अगदी सहज विचारलं, "ती एसएसडी कशी दिली?"

"दहा. शेवटचाच पीस आहे."

"दहा? अहो, आठवड्याभरापूर्वी तर सात होती!"

"कुणी सांगितलं तुम्हाला?" दुकानदाराने डोळे बारीक केले. थांबासाहेब खोकले.

"काय सांगू, साहेब," दुकानदार आपणहूनच मोकळा झाला. "मी चक्रावून गेलोय. वर्षभर त्या डब्यांवर धूळ बसलेली. आणि अचानक झुंबड! सुरुवात झाली एका बाईंपासून. भाव नाही केला, काही नाही, पैसे टाकले आणि डबी घेऊन गेल्या."

"असल्या घायकुत्या माणसांमुळेच भाव चढतात," थांबासाहेब तावातावाने म्हणाले.

"मग एक बाई आल्या, भाव विचारला आणि तोंड असं केलं, असं!" दुकानदाराने मेहुणीचं तोंड हुबेहूब करून दाखवलं. "मग एक पोरगेलासा, त्याच्या शर्टाला कार्बन लागलेला. मग ते दातांचे डॉक्टर. मग तीच बाई गॉगल लावून. ओळख लपवून यायची पाळी आलीय हो लोकांवर! आणि परवा तर कहर झाला. एक आजोबा आले. त्यांना एसएसडी म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं, पण हवी होती! मी तिथल्या तिथे ठरवलं, ज्या वस्तूसाठी आजोबा घराबाहेर पडतात तिची साधीसुधी मागणी नव्हे, लाट आहे."

थांबासाहेबांचं कोपर काउंटरवरून घसरलं. दुकानदार एकेक करून त्यांचं अख्खं गोत त्यांच्यासमोर उभं करत होता. सातचे दहा कुणी केले होते? त्यांनीच. पदरची माणसं धाडून, ऊनपावसाचा विचार न करता, त्यांनी स्वतःच्या हाताने तो भाव चढवला होता.

"विचार करून सांगतो," कसंबसं एवढं बोलून ते बाहेर आले. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"अहो, तो कटकट आवाज थांबला," बायको म्हणाली.

"थांबला ना? बघ! म्हणत होतो मी, थोडं थांबलं की—"

"कॉम्प्युटरच गेला. उघडतच नाही. पण तुम्ही आता उगीच—"

पुढचं त्यांना ऐकूच आलं नाही. गाद्यांच्या खोलीत घामाने निथळत बसलेली बायको त्यांना दिसली. खोकला येऊ नये म्हणून तिने पाण्याचा घोट घेत घेत काढलेल्या दुपारी दिसल्या. शेजारी कुणी खिळा ठोकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचलेली पानं आठवली. लोकांची जळालेली दुकानं त्यांनी आयुष्यभर कोरड्या डोळ्यांनी मोजली होती. आज पहिल्यांदाच त्यांना आतून भडभडून आलं. ते वळले आणि दुकानात धावत शिरले.

"द्या! ती डबी द्या!"

"बघा, तुम्हीसुद्धा परत आलात!" दुकानदार थक्क होऊन म्हणाला. "अकरा."

थांबासाहेबांनी अकरा दिले. घासाघीस नाही, वाकडं तोंड नाही. पिशवीसाठीसुद्धा ते थांबले नाहीत.

घरी पोचले तेव्हा त्यांना धाप लागली होती. बायको खिडकीपाशी शांतपणे चहा पीत बसली होती. त्यांनी डबी तिच्यासमोर ठेवली.

"माझं चुकलं गं," ते म्हणाले. "तुझी सगळी मेहनत गेली. माझ्या एका थांबण्यापायी गेली. त्या दुरुस्तीवाल्याला बोलाव, काही निघालं तर बघू. त्याला काय पैसे लागतील ते लागू देत."

बायकोने कप खाली ठेवला. उठून ती अडगळीच्या खोलीत गेली, एका गादीच्या खोळीत हात घातला आणि एक डबी आणून पहिल्या डबीशेजारी ठेवली. दोन्ही अगदी जुळ्या बहिणी.

"हे... हे काय?"

"सगळी कादंबरी यात आहे. रोजचं वाचन रोज उतरवून ठेवत होते. शेवटचं प्रकरण काल कंपनीला पोचलंसुद्धा. तेच सांगत होते, तर तुम्ही फोन ठेवून दिलात."

"पण ही आणलीस कधी?"

"भाजी आणायला गेले होते तेव्हा. साडेसहा हजारांना मिळाली."

थांबासाहेबांना दुकानदाराने सांगितलेली ती पहिली बाई आठवली. म्हणजे ती घायकुती बाई त्यांच्याच घरातली होती!

"मग मला बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही ती परत करायला लावली असती आणि मग माणसं पाठवली असती."

ते खाली मान घालून त्या दोन डब्यांकडे बघत राहिले. बायकोला दया आली. तिने त्यांच्याही हातात चहाचा कप दिला.

"जाऊ द्या आता. माणूस म्हटलं की चुकतं. ही नवी डबी सोमवारी दुकानात देऊन टाका. भाव रोज चढतोय ना? दुकानदार आनंदाने परत घेईल."

थांबासाहेबांनी चहाचा एक घोट घेतला, मग दुसरा. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला आणि डोळ्यांत एक जुनी, ओळखीची चमक दिसू लागली.

"सोमवारी नको," ते म्हणाले. "थोडं थांबू. आधी तुझ्या बाबांना पुन्हा एकदा दुकानात पाठव. नुसतं विचारायला."