तातू मेस्त्रीची बिनछपराची गाडी

तातू मेस्त्री इंजिनाशी बोलतो आणि माणसांशी बोलायची वेळ आली की खोकतो. आमच्या बंदरातला कुठलाही ट्रॉलर बिघडला की तातूला बोलावणं जातं. तो येतो, इंजिनाला कान लावतो, डोळे मिटतो आणि हळूच विचारतो, "कित्याक रे?" म्हणजे, का रे बाबा, झालं तरी काय? इंजिन त्याला काय सांगतं ते देव जाणे, पण तासाभरात धडधडायला लागतं. पोरं त्याच्या पाठीमागे त्याला 'तातू कित्याक' असंच म्हणतात.

मी त्याचा शेजारी. तेव्हा पोस्टमास्तर होतो. सरळ माणूस, सरळ नोकरी, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण शेजार काही आपण निवडत नाही. दोन हजार तीन-चारच्या सुमाराला एका सकाळी मी माझ्या खळ्यात, म्हणजे अंगणात, दात घासत उभा होतो. एवढ्यात एक तांबडी, लांबट, जमिनीला चिकटलेली वस्तू वळणावरून आत शिरली आणि माझ्या तुळशीपासून हातभरावर थांबली. तिच्यात तातू बसला होता. गळ्यात टॉवेल, भुवयांवर धूळ, आणि डोक्यावर थेट आकाश.

"मास्तरांनू, घेतलंय," तो म्हणाला.

"काय घेतलंस?"

"गाडी. कोरी."

"आणि वरचा खंय?"

तातू खोकला. "वरचा नाय. ती तशीच येता."

आमची ही चहा घेऊन बाहेर आली, गाडी बघितली आणि तिच्या हातातली बशी कलंडली. "अगो बाय माझे! खंय आपटलास रे तातू? लागला नाय मां?" छप्पर उडून गेलेल्या गाडीतून माणूस जिवंत आला, अशीच तिची समजूत झाली होती. तिची समजूत काढेपर्यंत माझा चहा निवला.

गाडी माझ्याच खळ्यात का, तर तातूच्या घराकडे जाणाऱ्या पाणंदीत चिऱ्याची एक पायरी आहे. आमची म्हैस ती न बघता ओलांडते. ह्या गाडीचं पोट मात्र त्या पायरीवर टेकलं आणि चारी चाकं नुसती विचार करत राहिली. "आजचो दिस ऱ्हवांदे तुमच्याकडे," तातू म्हणाला. तो आजचा दिवस पुढे तीन वर्षं चालला. माझ्या खळ्यात मिरच्या वाळत घालायची सोय राहिली नाही, ते वेगळंच.

पहिले आठ दिवस तातू त्या गाडीभोवती नुसता फिरत होता. तीस वर्षं ट्रॉलरची इंजिनं खोललेला माणूस, पण ह्या बाईसाहेबांपुढे त्याची मती गुंग झाली. बसायला गेला की पाटावर जेवायला बसल्यासारखं वाटे. उठताना आधी एक हात जमिनीवर टेकायचा, मग गुडघा, मग देवाचं नाव. डिकीत शहाळी ठेवली तर दोन मावली, तिसरं मांडीवर घ्यावं लागलं. दोघांचीच सीट, ही गोष्ट तर आमच्या वाडीला कळेचना. आमच्याकडे सहा आसनी रिक्षात अकरा माणसं बसतात आणि बारावं लोंबकळतं. दोन माणसांची गाडी घेणं म्हणजे सगळ्या सोयऱ्यांना 'येऊ नका' म्हणून पत्र धाडण्यासारखंच. एकदा मात्र तातूने गाडीच्या अंगावर टकटक केलं आणि त्याचा चेहरा उजळला. "मास्तरांनू, फायबर! होडयेचा फायबर ह्या!" त्या दिवसापासून तो तिला होडीच म्हणायला लागला.

लोक म्हणाले, तातूला म्हातारचळ लागला. ट्रॉलरातला हिस्सा काढून कोणी असलं खेळणं आणतं का? मीही तसंच म्हणालो, खोटं कशाला बोलू. पण खरं कारण मला आठच दिवसांत कळलं, आणि ते कारण होतं शालूवैनी.

शालूवैनी म्हणजे तातूची बायको. माहेर देवगडाजवळ जामसंड्याचं. आमच्याकडून पन्नासेक किलोमीटर, फार नाही. पण तिला गाडी लागते. लागते म्हणजे किती, तर एसटीचा नुसता वास आला तरी लिंबू शोधते. नवी नवरी म्हणून ती लाँचमधून आली, तेव्हा तिला काही म्हणजे काही झालं नाही. अख्खी लाँच ओकत होती आणि ही एकटी खारे दाणे खात बसली होती. पुढे लाँच बंद झाली आणि वैनीची माहेरची वाटच बंद झाली. ट्रॉलरवर डिझेलचा वास, म्हणजे पुन्हा तीच गत. शेवटची निघाली होती ती सहा वर्षांपूर्वी. अर्ध्या वाटेवर एसटीतून उतरून आंब्याखाली निपचित पडली आणि तिथून तिला माघारी आणावं लागलं. तिकडे तिच्या आईचंही तेच, तिलाही गाडी लागायची. आता तर म्हातारी ऐंशीच्या पुढची, डोळ्यांना धड दिसत नाही. वैनीचा भाऊ पोस्टात फोन करायचा आणि दर वेळी आईचा निरोप मलाच सांगायचा, "आवस इचारता, शालू कधी येतली? नायतर म्हणा, तोंड बघूचा ऱ्हवतला."

तेव्हा तातूने गणित मांडलं. बायकोला होडी लागत नाही, गाडी लागते. होडीला छप्पर नाही, गाडीला आहे. तर मग बिनछपराची गाडी म्हणजे होडीच की! वर फायबरची, वर पेट्रोलवरची. हे गणित त्याने मला चिऱ्यावर खडूने काढून दाखवलं. मला त्यात चूक सापडेना आणि ते बरोबरही वाटेना.

आधी देवाला गाऱ्हाणं घालायचं ठरलं. नवी वस्तू आली की नारळ ठेवून गावकाराने देवाला साकडं घालायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. भाई गावकार आले. गाडीकडे बघून त्यांनी नारळ नक्की कुठे ठेवायचा असं मला डोळ्यांनीच विचारलं. मीही डोळ्यांनीच माहीत नाही म्हणून सांगितलं. वाडी जमली. वैनी नवं पातळ नेसून कडेला उभी. तातू गावकारांच्या कानाशी लागून म्हणाला, "लागा नये म्हणान सांगा. बाकी काय नको."

गावकारांनी डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरान जी काय नवी गाडी हाडलेली आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"तिका कोणाची दीष्ट लागा नये..."

"व्हय म्हाराजा!"

"दीष्ट नाय ओ," तातू कुजबुजला. "गाडी लागा नये."

गावकारांनी एक डोळा उघडून मिटला. "ती गाडी कोणा गुराढोराक, पोराबाळाक लागा नये..."

"व्हय म्हाराजा!"

"तसा नाय ओ!"

"खाली चिऱ्याक लागा नये, बाजूक गडग्याक लागा नये..."

"व्हय म्हाराजा!"

आता मात्र तातूचा धीर सुटला. जन्मात चढवला नसेल असा आवाज चढवून, बायकोकडे बोट करून तो ओरडला, "हिका! हिका गाडी लागा नये!"

मग गावकारांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्यांनी खणखणीत आवाजात देवाला सांगितलं, "म्हाराजा, तातूच्या बायलेक ओकारी येवा नये!"

"व्हय म्हाराजा!" वाडी एवढ्या जोरात गरजली की झाडावरचे कावळे उडाले.

वैनी जी लाल झाली, ती तडक घरात. पुढचे पंधरा दिवस ती त्या गाडीकडे बघेना की तातूकडे. "माझी ओकारी गावभर केल्यानी," एवढंच तिने आमच्या हिला सांगितलं. तातू रोज संध्याकाळी येऊन एकटाच गाडीत बसायचा. रिकाम्या सीटवरची धूळ झटकायचा आणि जायचा. मला कीव यायची आणि रागही यायचा.

मग जामसंड्याहून पुन्हा फोन आला. म्हातारी न्हाणीत पडली होती. हाड मोडलं नव्हतं, पण अंथरूण धरलं होतं. मी वैनीला निरोप सांगितला. ती दुसऱ्या दिवशी सकाळी पदर खोचून येऊन गाडीत बसली, हातात दोन लिंबं. तातू एवढा गोंधळला की त्याने आधी वायपरच चालू केला. आधी जवळच्या कट्टा गावापर्यंत जाऊन बघू, जमलं तर जामसंडे, असं ठरलं.

वीस मिनिटांत परत आले. वैनीचा चेहरा हळदीसारखा झालेला. दुसऱ्या दिवशी तिच्या डोळ्यांना फडका बांधून नेली. तरी तेच, कारण रस्ता तिला पाठ होता. आता देवळाचं वळण, आता माडाचं वळण, असं मनात आलं की पोटात ढवळायचंच. तिसऱ्या दिवशी तिने हात जोडले. "नको ओ. माझ्या नशिबात नाय आवस." आणि माझ्या पायरीवर बसून ती रडली. आमची ही तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि मी उगाच मिरच्यांची टोपली इकडची तिकडे ठेवली.

तातू गाडीजवळ उकिडवा बसला होता. "छप्पर नाय. डिझेल नाय. वास नाय," तो गाडीला सांगत होता. "मगे कित्याक?" गाडी काही बोलली नाही. तीस वर्षांत पहिल्यांदाच कुठल्या इंजिनाने त्याला उत्तर दिलं नसेल.

महिनाभराने एका सकाळी बघतो तर खळं रिकामं. वैनी म्हणाली, "गाडी इकूक गेले आसतले. बरा झाला." म्हातारी उठून बसायला लागली, असा निरोप आदल्याच दिवशी आला होता, म्हणून ती तशी निवांत होती. दहाच्या सुमाराला पोस्टात फोन वाजला. पलीकडे तातू. खोकला, पुन्हा खोकला आणि म्हणाला, "मास्तरांनू, जामसंड्यात आसंय. आवशीक घेवन निघतंय. तिका डोळ्यांनी दिसना नाय, रस्तोव ठावक नाय. मगे लागतली कशी? शालूक सांगा." आणि ठेवला.

मी पोस्ट तसंच टाकून घरी पळालो. सरकारी नोकरीत मी असं एकदाच केलं. वैनीला सांगितलं तेव्हा ती आधी हसली, मग मटकन खाली बसली, मग उठून भात टाकायला धावली.

साडेअकरापर्यंत यायला हवे होते. बारा वाजले. एक वाजला. वैनी पाणंदीच्या तोंडाशी जाऊन येत होती. "म्हातारीक काय झाला तर नाय मां ओ?" तिने मला दहादा विचारलं. मी दहादा "छट्" म्हटलं आणि अकराव्यांदा मीच पाणंदीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. असल्या पळणाऱ्या गाडीला पन्नास किलोमीटरला चार तास? माझ्या डोळ्यांपुढे नाही नाही ते येऊ लागलं.

दोन वाजता गाडी आली. बैलगाडीच्या चालीने, घरघरत, जळका वास सोडत. तातूच्या शेजारी चारी बाजूंनी उशा लावलेली, डोक्याला पदर गच्च बांधलेली एवढीशी म्हातारी. थकलेली होती, पण ताठ. गाडी लागली नव्हती.

तिला त्या खोल सीटमधून उठवायचं कसं, हा आम्हाला प्रश्न पडला. वैनीला पडला नाही. ती धावत आली आणि गाडीच्या दाराशी तशीच धुळीत फतकल मारून बसली. गाडी एवढी बुटकी की मायलेकींची तोंडं समोरासमोर आली. म्हातारीने चाचपत तिच्या गालावर हात ठेवला. "शालू? सुकलंस गो बाय," म्हणाली. पुढे दोघी काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. आमच्या हिने मला दंडाला धरून बाजूला ओढलं.

बायका म्हातारीला उचलून घरात घेऊन गेल्या. खळ्यात मी आणि तातू. भीतीचा माझा राग झाला होता. "अरे मेल्या, चार तास? जीव टांगणीक लागलो हय! आणि ह्यो जळको वास कसलो?"

"क्लच," तातू म्हणाला. "जळलो."

"तुझ्या हातात? कसो काय?"

तो खोकला. बराच वेळ खोकला. मग डावा हात पुढे करून माझ्याऐवजी त्या हाताकडे बघत म्हणाला, "निघालंव आणि पयल्या चढावार म्हातारी भियाली. माझो हात धरल्यान. गच्च. मी दुसऱ्या गेरात होतंय. हात सोडवल्याशिवाय गेर बदलतलंय कसो? सगळो रस्तो दुसऱ्याच गेरान हाडलंय. थांबलंव तरी दुसऱ्यानच उठवलंय."

"अरे, मग हात सोडवूचो नाय? सांगूचा तरी तिका!"

"सोडवणार होतंय," तातू म्हणाला. "पण ती म्हणाली, माझ्या झिला, माझ्या पोरा, सावकाश चल. माझी आवस मी दोन वर्सांचो आसताना गेली, मास्तरांनू. माका तसा कोण कधी बोलाक नाय."

तातूने तो हात मुठीत मिटून खिशात घातला, आणि मला पाठ करून गाडीचं बॉनेट उघडायला गेला.