कंबर सेवेस अनुकूल

उकंडरावांची कंबर वाकली होती आणि वाकलेलीच राहिली होती. वणीकडच्या एका कोळसा खाणीत भुयाराचं छत इतकं खाली होतं की सगळी पाळी ओणव्यानेच काढावी लागे. खांद्यावर ड्रिल मशीन घेऊन त्यांनी तिथे उमेदीची वर्षं घातली. आता उजेडात आल्यावरही पाठ सरळ होईना. म्हणून त्यांनी साहेबांकडे हलकं काम मागितलं.

"दुखणं खाणीचंच कशावरून?" साहेब म्हणाले. "तुम्ही जळगाव जामोदचे. लहानपणी कपाशी वेचताना भरली असेल कंबर. तुमच्या जिल्ह्यातून तपासून आणा."

पुष्पाबाई नवऱ्याला घेऊन एसटीत बसल्या. बुलढाण्याला पोचेपर्यंत रस्त्यातल्या खड्ड्यांनी प्राथमिक तपासणी उरकली होती.

"वाका," जिल्हा रुग्णालयातले डॉक्टर म्हणाले.

उकंडराव वाकलेलेच होते. बोटं टेकवा म्हटल्यावर त्यांनी आख्खे तळवे फरशीला टेकवले. इतकी गुणी कंबर डॉक्टरांनी पाहिली नव्हती.

"वाकाले काई तरास नाई साहेब. मले उभंच होता येत नाई."

"उभं राहण्याची तपासणी नियमात नाही."

"काऊन जी?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"काम वाकूनच करायचं असतं, बाई." आणि डॉक्टरांनी शेरा मारला, 'कंबर सेवेस अत्यंत अनुकूल.'

शेरा वाचून खाणीचे साहेब हरखले. पाठीचा कणा जपण्याचा सप्ताह तोंडावर आला होता आणि आदर्श कामगार सापडत नव्हता. सत्कार थेट जळगाव जामोदला ठरला. उकंडराव तयार नव्हते. पण हलक्या कामाची घोषणा तिथेच होणार, असं कळल्यावर धुतलेला सदरा घालून मंचावर गेले.

"मान वर करा, फोटो येत नाही," प्रमुख पाहुणे हार घेऊन म्हणाले. मान वर होईना. पाहुण्यांना गहिवरून आलं. "एवढा मान मिळतोय, पण माणूस किती नम्र!"

सभागृहात टाळ्या पडल्या.

"नम्र नाई हो ते," पुष्पाबाई खालून म्हणाल्या. "कंबर धरली हाये त्यायची."

त्यांच्या साधेपणालाही टाळ्या पडल्या.

मग साहेबांनी घोषणा केली. उकंडरावांना खाणीतल्या सर्वांत बुटक्या भुयारात नेमण्यात येत आहे. ते आधीच वाकलेले असल्याने तिथे त्यांना वेगळं वाकावं लागणार नाही. सबब काम हलकं.

उकंडरावांनी माईक मागितला. तो त्यांच्या तोंडापर्यंत खाली आणावा लागला.

"मी नाई जात," ते म्हणाले. गळ्यातला हार काढून त्यांनी टेबलावर ठेवला आणि पुष्पाबाईंचा हात धरून पायऱ्या उतरले.

मग पंख्याखालच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "बघा, किती ताठा आहे या माणसाला!"

कोण म्हणालं ते कळलं नाही. कोळशाच्या विजेवर पंखा छान फिरत होता, आणि त्या रांगेत आपण सगळेच पाठ टेकून बसलो होतो.