फक्कीची रेघ

निवृत्तीनंतर नवऱ्याने कुंड्यांना पाणी घालावं, पेपर वाचावा, फार तर दुपारी पत्ते कुटावेत, इथपर्यंत रजनीताईंची तयारी होती. त्याने अर्धी चड्डी घालून डोंगरावर पळत सुटावं, याची मुळीच नव्हती.

"लोकं विचारतात मला, साहेबांच्या मागे कोणी लागलंय का म्हणून!"

"वय लागलंय म्हणून सांग," चंद्रशेखरराव बुटाची नाडी बांधत म्हणाले आणि बाहेर पडले.

सबंध नोकरी त्यांनी आर्णी भागात जमिनीच्या मोजणीत काढली होती. दुसऱ्यांच्या हद्दी मोजता मोजता केस पांढरे झाले, पण स्वतःचं म्हणून काही उभं केलं नाही, ही बोच होती. डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि ते पळायला लागले. पळता पळता त्यांना कल्पना सुचली, की अभयारण्यातल्या टेकडीवर दरवर्षी पळण्याची स्पर्धा भरवायची. त्यासाठी त्यांनी रेंजरसाहेबांच्या ऑफिसचे इतके खेटे घातले की तिथला कुत्रासुद्धा त्यांच्यावर भुंकायचा थांबला.

शेवटी परवानगी मिळाली, पण दमासकट. "एक फांदी मोडली किंवा एक माणूस जंगलात चुकला, तर पुन्हा या दारात यायचं नाही. झाडांना फिती बांधायच्या नाहीत. आणि नऊ वाजता सगळे पळणारे वर मचाणापाशी मला दिसले पाहिजेत."

फिती नाहीत म्हटल्यावर उरली फक्की. मैदानावर रेघा मारायची ती चुन्याची भुकटी घेऊन चंद्रशेखरराव आणि इम्तियाज आदल्या दिवशी टेकडीजवळच्या टेंभुरदरा गावाला गेले. इम्तियाजचं आर्णीत मोटार वाइंडिंगचं दुकान होतं, आणि यंदा गिऱ्हाईक नसल्यामुळे त्यालाही पळायला भरपूर वेळ होता. दोघांनी तांड्याच्या शाळेपासून गाडरस्त्याने टेकडीच्या पायथ्यापर्यंत आणि तिथून वर मचाणापर्यंत छान सरळ रेघ ओढली. मोजणीवाल्याचा हात तो, रेघ कुठे म्हणून थरथरली नाही.

वाटेत लखीराम भेटला. बोंडअळीचं वर्ष होतं. कपाशीची पऱ्हाटी छातीएवढी वाढली होती आणि प्रत्येक बोंडात अळी आरामात बसली होती. लखीरामने बैल उभ्या पिकात चरायला सोडले होते आणि तो बांधावर उकिडवा बसला होता.

"रामराम मोजणीसाहेब! कायची लाइन हो?"

"पळायच्या रस्त्याची."

लखीराम ताडकन उठला. "गाड्या पयतीन इथून?"

"गाड्या नाही रे, माणसं पळतील."

लखीरामने एक डोळा बारीक केला. "समजलं साहेब. सांगाची परवानगी नसन."

चंद्रशेखरराव हसून पुढे गेले. इथेच त्यांची चूक झाली. शेजारच्या गावावरून नुकताच चौपदरी रस्ता गेला होता. पूर्वी कुणाचं वावर रस्त्यात गेलं म्हटलं की लोक सांत्वनाला जायचे. आता वावर गेलं म्हटलं की पार्टी मागायला जात. ज्यांचं गेलं त्यांची मोबदल्यातून स्लॅबची घरं उठली, आणि ज्यांचं राहिलं ते अळ्या वेचत बसले. अशा गावात मोजणीसाहेबांनी भर दिवसा चुना टाकावा आणि वर हसावं!

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेपाशी आर्णी-पुसदची बरीच हौशी मंडळी जमली. डॉक्टर होते, मास्तर होते, कॉलेजची पोरं होती. सर्वांत पुढे इम्तियाजचा पुतण्या फैज होता. इम्तियाज पाण्याचे कॅन घेऊन आधीच वर मचाणावर रेंजरसाहेबांपाशी गेला होता.

"पांढऱ्या रेघेचा माग सोडायचा नाही," चंद्रशेखररावांनी बजावलं. "वाघ दिसला तरी रेघ सोडू नका!"

मंडळी हसली आणि सुटली. कुणी मागे पडू नये म्हणून चंद्रशेखरराव सगळ्यांच्या शेवटी निघाले. थंडी छान होती आणि तुरीला शेंगा लागल्या होत्या. आपण काहीतरी उभं केलं, या आनंदात ते निम्मा गाडरस्ता पळून गेले. तेवढ्यात रेघ डावीकडे वळली.

ते थबकले. त्यांनी वळण काढल्याचं त्यांना आठवत नव्हतं. पण रेघ तर समोर होती, आणि बुटांचे ताजे ठसेही तिच्यावरून गेले होते. 'वय लागलंय' हा आपलाच विनोद त्यांना आता तितकासा आवडला नाही. रेघ लखीरामच्या वावरात शिरली, विहिरीला वळसा घालून गोठ्यापाशी आली. दारात लखीराम धुतलेला सदरा घालून उभा होता.

"लखीराम, ही रेघ इथं कशी?"

"तुमीच टाकली ना साहेब," लखीराम निरागसपणे म्हणाला. "विहीर पाह्यली ना? पक्की बांधेल हाय. तिचे येगळे धरा."

आता कुठे त्यांच्या डोक्यात उजेड पडला. गाडरस्त्यावरची रेघ रातोरात झाडूने साफ करून लखीरामने ती आपल्या वावरात नेली होती. त्याच्या वावरातून शेजाऱ्याने पळवली होती, शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून आणखी कुणी. चंद्रशेखरराव आता खरोखर जीव घेऊन पळू लागले. रेघ एका कवठाला प्रदक्षिणा घालत होती, कुणाच्या बोअरला शिवून येत होती. एका ठिकाणी ती फाटक्या फाटकातून आत जाऊन पुन्हा त्याच फाटकातून बाहेर आली. प्रत्येक दारात नवा सदरा घातलेला एक माणूस त्यांना हात जोडत होता. टेकडी उजवीकडून मागे सरकली आणि हळूहळू दिसेनाशी झाली. वर रेंजरसाहेब घड्याळ बघत असणार, या विचाराने त्यांनी वेग आणखी वाढवला.

पुढे पांढरा चुना संपला आणि करड्या राखेची रेघ सुरू झाली. मग राखही संपली आणि पुन्हा पांढरं काहीतरी आलं, पण विरळ. ती रेघ गावाच्या पार टोकाला राहणाऱ्या मैनाबाईच्या अंगणातून तिच्या घराच्या दारात गेली होती आणि कोंबड्या ती टिपून खात होत्या.

अंगणात सगळी स्पर्धा बसली होती. डॉक्टर बाजेवर होते, मास्तर ओसरीवर, आणि मधोमध पातेलंभर उकडलेल्या तुरीच्या शेंगा. फैज तोंडातली शेंग सोलत म्हणाला, "अंकल, लाइन चुलीपाशी खतम हुई. मैं पैला आया, पूछो इनको!"

चंद्रशेखरराव वाकले. त्यांनी जमिनीवरचं पांढरं चिमटीत घेतलं. ते ज्वारीचं पीठ होतं.

नोकरीत त्यांनी फक्की मारली की लोक ती पायाने पुसत. एकदा एक म्हातारी रेघेवर आडवी पडली होती, 'आधी मले मोजा' म्हणून. पुसलेल्या रेघा त्यांनी आयुष्यभर पाहिल्या. पीठ खर्चून ओढून आणलेली रेघ ते पहिल्यांदा पाहत होते. त्यांना फार वाईट वाटलं.

मैनाबाई पदर सावरत पुढे आली. "साहेब, घर धरून सांगा. वावर तं जाईनच, पन घर जाते का?"

खोटं बोलणं सोपं होतं, पण त्यांना जमलं नाही. "मैनाबाई, इथून रस्ता येत नाही. ही रेघ नुसती पळण्यासाठी होती."

"पयन्यासाठी म्हंजे?"

"सकाळी उठून माणसं पळतात. तब्येतीसाठी."

"आन मंग जातात कुठी?"

"कुठंच नाही. परत येतात."

मैनाबाईने डॉक्टरांकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. एवढी शिकलेली माणसं, अंगाने धडधाकट, आणि असं! तिला त्यांची मनापासून कीव आली. मग तिने हळूच विचारलं, "लख्याच्या वावरातून तरी जाते का रस्ता?"

"नाही. कोणाच्याच नाही."

"मंग जाऊ द्या," ती म्हणाली. पण ती ओट्यावर बसली ती जरा जोरातच बसली.

तेवढ्यात जीप आली. रेंजरसाहेब उतरले. त्यांच्या मागे इम्तियाज, त्याचं तोंड एवढंसं झालेलं. "साहब, मैंने बोला इनको, आते असतीन, आते असतीन..."

"साहेब, चूक माझी," चंद्रशेखरराव मान खाली घालून म्हणाले. "यांच्यातला एकही जण जंगलात पोचला नाही."

"एकही नाही?"

"नाही साहेब."

"म्हणजे फांदी मोडली नाही?"

"पऱ्हाटी थोडी तुडवली गेली..."

"ती माझ्या हद्दीत येत नाही." रेंजरसाहेबांनी बाजेवरची, ओसरीवरची सगळी डोकी मोजली आणि त्यांचा चेहरा खुलला. "माझ्या नोकरीत अभयारण्यातला असा शिस्तीचा कार्यक्रम झाला नाही! ना कचरा, ना आरडाओरडा, ना जनावरांना त्रास. पुढच्या वर्षीची परवानगी देऊन टाकली समजा. पण एक अट. मार्ग हाच पाहिजे. टेकडीकडे एक पाऊल वळलं, तर परवानगी रद्द."

चंद्रशेखररावांनी तोंड उघडलं. टेकडीशिवाय टेकडीवरची स्पर्धा कशी, हे त्यांना विचारायचं होतं. समोर मैनाबाई पातेल्यातल्या शेंगा सगळ्यांना पुन्हा वाढत होती. कुणाला नको म्हणू देत नव्हती. त्यांनी तोंड मिटलं.

"मान्य आहे साहेब," ते म्हणाले.

मैनाबाई थांबली. "म्हंजे तुमी लोकं दरसाल येसान? माह्याच घरी?"

"दरवर्षी येऊ."

"या ना मंग, शेंगा हायेतच." तिने हातातल्या फडक्याने कोंबड्या हाकलल्या. "पन साहेब, पुढच्या साली चुना पुरता आनजा. पीठ पुरत नाई."