सोपानराव लिटरभर दूध पितात

ताथवड्यात चहूकडे टॉवर उठले, तरी सोपानरावांनी दोन म्हशी राखल्या होत्या आणि शेजारच्या सोसायटीत ते स्वतः दुधाचा रतीब घालत. एका रविवारी सातव्या मजल्यावरच्या दीक्षाने दारातच सांगितलं, "काका, उद्यापासून दूध नको. प्यायलं की पोट फुगतं, गुडगुडतं. यात काही मिसळता का हो?"

"मिसळतो? आमी? अवं ताई, तीन पिढ्या दूध घालतोय, कुनी बोट दावलं न्हाई! चला खाली!"

खाली सोसायटीची मीटिंग भरली होती. सोपानरावांनी सगळ्यांदेखत किटली तोंडाला लावली आणि लिटरभर दूध घटाघट संपवलं. "आता दुपारपत्तूर हितंच बसतो. बघा काय व्हतंय ते!" (नुसतं दूध आपण शेवटचं कधी प्यायलो, हे त्यांना आठवत नव्हतं. घरी ते फक्त चहा घेत.)

तासभर ते सचोटीवर बोलत होते. मग सेक्रेटरी इकडेतिकडे बघत म्हणाले, "कुणाचा मोबाइल व्हायब्रेट होतोय? बंद करा प्लीज."

मोबाइल नव्हता. सोपानरावांचं पोट होतं. "तीन पिढ्या…" एवढंच म्हणून ते वॉचमनच्या संडासाकडे जे धावले, ते पाऊण तासाने बाहेर आले.

दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं. "काका, दुधाचा दोष नाही. वय वाढलं की पुष्कळांना दुधातली साखर पचत नाही. मग आतड्यातले जंतू तिच्यावर ताव मारतात आणि गॅस करतात. दीक्षाचंही तेच दिसतंय."

"म्हंजे माझ्याच पोटात ऱ्हाऊन माझ्याच दुधाची बदनामी करत्यात?" सोपानराव कडाडले. मग पोट धरून दीक्षाकडे वळले. "मंग ताई? रतीब चालू ना?"

"सॉरी काका, तुमच्यावर उगाच संशय घेतला," दीक्षा ओशाळून म्हणाली. "चहापुरतं द्या. फक्त… त्यात थोडं पाणी घालून द्याल का?"

सोपानराव तणतणत घरी आले. "ऐकलंस का? पानी घाला म्हंती! आमच्या दुधात! मला! तोंडावर!"

त्यांच्या पत्नी छबूबाई चुलीपुढनं उठल्याही नाहीत.

"त्यात काय एवढं ओरडायचं?" त्या म्हणाल्या. "उद्यापास्नं जरा जास्त घालते."