झेंडूची अंघोळ

राहू गावच्या पोपटरावांनी शाळेच्या पालकसभेत टेबल असं बडवलं की गुरुजींचा चहा कपातनं बशीत आला!

"पोरांनो, नुसतं घोकू नका! 'का?' म्हणून इचारा! शाळंत शिकलात ते घरी वापरा!"

सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या तिसरीतल्या नातीनं, समृद्धीनं. तिनं ते मनावर घेतलं, तिथंच घात झाला!

दसऱ्याच्या तोंडावर केडगावचे फुलांचे व्यापारी सुदर्शनशेठ टेम्पो घेऊन बांधावर आले. पोपटरावांचा जीव टांगणीला! शेठनं पाठ फिरवली, तर दसऱ्यानंतर झेंडूला शेळीबी तोंड लावत न्हाई. म्हणून दरवर्षीसारखं पहाटं उठून त्यांनी झेंडूच्या पोत्यांवर पाण्याचा पाइप सोडला होता. वजनाला तेवढाच हातभार!

पहिलं पोतं काट्यावर चढलं, आकडा दिसला, तोच समृद्धी पुढं.

"आबा, बाईंनी प्रयोग दाखवला! कोरडं फडकं हलकं, ओलं जड. मंग पहाटं फुलांना अंघोळ का घातली?"

शेठच्या भुवया टोपीत शिरल्या. "अंघोळ?"

"दव हो, शेठ! दव!"

"आबा, दव वरनं पडतंय. मंग पोतं खालनं का गळतंय?"

"अगं रंगू, हिला घरात घे!" पोपटराव बायकोवर खेकसले.

"मी न्हाई बाई!" रंगुबाई पदर तोंडाला लावून हसली. "मलाबी उत्तर ऐकायचंय!"

शेठ तर लग्नातल्या व्याह्यासारखे खुलले. "पोरगी लई हुशार! इचार बाळ, आजून इचार!"

समृद्धी खाली वाकली. "काका, तुमच्या बुटाचं टोक काट्याला खालनं वर का ढकलतंय?"

शेठचा पाय इंचू चावल्यागत मागं! टेम्पोचा ड्रायव्हर तोंड लपवायला चाकातली हवा बघू लागला.

आता कोण कुणाला बोलणार? फुलं ताडपत्रीवर पसरली, दुपारपर्यंत वाळवली. तेच पोतं परत भरलं, परत काट्यावर ठेवलं. या खेपेला शेठ पार बांधाच्या पलीकडं उभे!

आकडा आला. सकाळी होता तोच! ना कमी, ना जास्त!

"म्हंजी आबा," समृद्धी डोकं खाजवत म्हणाली, "तुमी उगंच पहाटं उठत होता?"

पोपटरावांनी ताडपत्रीची घडी घालायला घेतली. शेठ मात्र कळवळून खाली बसले आन् बूट काढून घोटा चोळायला लागले.

"पोपटराव, तुमची नुसती झोप गेली वो! पाय वाकडा करून करून माझा घोटा आपरेशनला आलाय!"