दुखानमध्ये कुस्कोची रंगीत तालीम

माझ्यासारखं प्लॅनिंग अख्ख्या कतारमध्ये कुणाला जमत नाही! दुखानच्या तेलक्षेत्रात मी बारा वर्षं सेफ्टी सुपरवायझर आहे. आग लागायच्या आधीच ती विझवायची तालीम करणारी माणसं आम्ही. मग मे महिन्यात पेरू देशात जायचं ठरल्यावर मी त्याची तालीम घेणार नाही, असं होईल का?

वाद होता तो जायचं कसं यावर. विभावरीचं, म्हणजे बायकोचं, म्हणणं, "पुण्याच्या टूर कंपनीबरोबर जाऊ. गाईड त्यांचा, बस त्यांची, वरण-भातही त्यांचाच!" माझं म्हणणं, गाईड मीच! कुस्को शहरातला इंका लोकांचा दगडी किल्ला, त्यांचं सूर्यमंदिर आणि त्याच मंदिराच्या पायावर स्पॅनिश लोकांनी चढवलेलं चर्च, सगळं एका दिवसात फिरवतो!

"आधी इथे एक दिवस फिरवून दाखवा," विभावरी म्हणाली. "जमलं तर तुम्ही गाईड. नाहीतर मी टूर बुक करणार. खलास!"

"मंजूर!"

शनिवारी सकाळी सात वाजता दोन गाड्या जवळच्या वाळवंटात, झिक्रीतच्या खडकांपाशी पोचल्या. एकीत आम्ही दोघं आणि लेक उर्वी. दुसरीत शेजारचे रत्नागिरीकर दिलावरभाई आणि तय्यबाभाभी. त्यांना पेरूला जायचं नव्हतं, पण मी नेमकं काय करतो ते बघायचं होतं. मी पाचही जणांना पिवळी सेफ्टी जॅकेटं घातली. प्लँटच्या नियमाप्रमाणे सगळ्यांचे फोन सायलेंट करून डब्यात गोळा केले. एकट्या विभावरीने आपला दिला नाही. मग खडकांवर इंग्रजीत ठळक बोर्ड चिकटवले, 'इंका किल्ला', 'सूर्यमंदिर', आणि शिट्टी फुंकली.

"बाबा, धिस इज सो एम्बॅरसिंग!" उर्वी म्हणाली. पण लगेच तिनेच विचारलं, "सिमेंट नव्हतं, देन हाऊ डिड द वॉल्स स्टँड?"

"चांगला प्रश्न! पुढचा?"

"भाऊ, मंदिर पाडलानी तर पाडलानी, वर त्याच्याच पायावर चर्च कशाला बांधलानी?" दिलावरभाई.

"तयार फाउंडेशन मिळालं हो! पुढचा?"

विभावरी काहीतरी सांगायला गेली, पण वेळापत्रकात तिच्या बोलण्यासाठी जागा नव्हती.

तेवढ्यात मेसईदहून सहलीला आलेली एक मिनीबस थांबली. बोर्ड, जॅकेट, शिट्टी बघून त्यातली वीस-बावीस मंडळी सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली. लता नावाच्या मल्याळी नर्सबाईंनी विचारलं, "सर, ये टूर फ्री है?"

आता नाही कसं म्हणायचं? मी छाती फुगवून दुसऱ्यांदा सूर्यमंदिर दाखवलं. लोक खडकाला हात लावून बघू लागले. एकाने तर राजाची खोली कुठली ते विचारलं, आणि मी ती दाखवलीसुद्धा!

या नादात सहा मिनिटं उशीर झाला. मी पुन्हा शिट्टी मारली. "हेडकाउंट!" आमच्याकडे हेडकाउंट म्हणजे जॅकेटं मोजायची. एक, दोन, तीन, चार, माझं पाच. "ओके! यल्ला, चला!"

'चर्च' होतं पंधरा किलोमीटरवरच्या टेकाडावर. उर्वी मागे गाढ झोपली होती. विभावरी तय्यबाभाभींशी गप्पा मारत त्यांच्या गाडीत बसली असणार, म्हणून मी निवांत होतो. टेकाडाशी उतरलो.

"वहिनी खय हायत?" दिलावरभाईंनी विचारलं.

"तुमच्या गाडीत!"

"आमच्या? त्या तर तुमच्या गाडीत ना?"

मी धावत जाऊन फोनचा डबा उघडला. माझ्या फोनवर चौदा मिस्ड कॉल! मग आठवलं, हेडकाउंटला चौथं जॅकेट घातलेल्या बाई जरा उंच वाटल्या होत्या. विभावरीने फोटोपुरतं आपलं जॅकेट लताबाईंना दिलं होतं, आणि मी चेहऱ्याकडे बघितलंच नव्हतं!

परत येताना मी आयुष्यात पहिल्यांदा मनातल्या मनात वेगमर्यादा तोडली. प्रत्यक्षात ऐंशीवरच होतो. खरं सांगतो, फार घाबरलो होतो. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तिला असं वाळवंटात कधी विसरलो नव्हतो.

ती मिनीबसच्या सावलीत चटईवर बसली होती. हातात बिनदुधाचा सुलेमानी चहा, समोर केळ्याचे वेफर्स आणि भोवती अख्खी मिनीबस. उर्वीच्या प्रश्नाचं उत्तर चाललं होतं. "दगड असा तासायचा की दुसऱ्यात घट्ट बसला पाहिजे. आणि भिंत किंचित आत कललेली. म्हणून भूकंपात वरचं चर्च पडलं, पण खालची इंकांची भिंत जागची हलली नाही." मंडळी प्रश्नावर प्रश्न विचारत होती. लताबाई लिहून घेत होत्या!

"विभा, चुकलो. अगदी मनापासून सॉरी!"

"चहा घ्या. बुकिंग झालं, तिघांचं." तिने फोन पुढे केला. टूर कंपनीच्या फॉर्ममध्ये शेवटचा रकाना होता: 'ग्रुपमध्ये हरवू शकेल असं लहान मूल किंवा वयस्कर व्यक्ती सोबत आहे का?'

तिथे माझं नाव होतं. वय अठ्ठेचाळीस. आणि शेरा: 'शिट्टी देऊ नये.'